म्हसोबाखालचा कोळसा

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. बीड शहराच्या टोकाला, तुरीचं शेत मोडून पाडलेल्या नव्या प्लॉटिंगमध्ये रामहरी सानप एका दगडाच्या बुडाशी खोदत बसले आहेत. शेजारी लाइनदोरीचं रीळ, लोखंडी खुंट्या, काटकोन तपासायचा गुण्या, पातळी बघायची पाण्याची नळी आणि पांढऱ्या फक्कीचं अर्धं पोतं. यातलं काहीच त्यांनी अजून हातात घेतलेलं नाही. प्लॉटचे मालक शाळेत शिक्षक आहेत. कानाला मफलर बांधून त्यांनी तीनदा घड्याळ बघितलं आहे.

"मिस्त्री, दोरी कधी धरायची? मला साडेसातला शाळा हाय."

"दगड खरा हाय का बघू द्या सर आधी."

"दगड बी खोटा असतो का?"

"दगड खराच असतोय. जागा खोटी असती."

रामहरींचं वय एकसष्ट. घर बांधायच्या आधी जमिनीवर त्याची रेघ मारून देणं हे त्यांचं काम. कोपऱ्यात खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, तीन-चार-पाचच्या मापाने काटकोन काढायचा, मग दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे भरले की दोरीखालून फक्की सोडायची. पुढचं सगळं, पाया, जोतं, भिंती, त्या पांढऱ्या रेघेवर उभं राहतं. या कामाला बीडमध्ये आखणी म्हणतात. ती गवंडीही करतो. पण जागा वाकडी असली, हद्दीचा वाद असला किंवा घर जन्मभराच्या कमाईचं असलं, की लोक रामहरींना बोलावतात. हातात दोरी घेण्याआधी दगडाखाली खोदण्याची सवय मात्र त्यांना गेल्या वर्षीच लागली.

त्यांचं गाव चौसाळ्याजवळ. आईवडील ऊसतोडीला जायचे. एकोणीस वर्षांचे असताना रामहरी त्यांच्याबरोबर आष्टी तालुक्यातल्या कड्याला गेले होते. तिथे ऊस तोडता तोडता एका बांधकामावर गवंड्याने त्यांना दोरीचं दुसरं टोक धरायला सांगितलं. "कोयत्यापेक्षा हलकी होती," एवढंच कारण ते सांगतात. त्या हंगामानंतर ते फडावर गेले नाहीत. बीडला आले आणि गवंड्यांच्या हाताखाली राहिले.

बीडचं जुनं गाव बिंदुसरेच्या दोन्ही तीरांना. निजामाच्या राज्यातही ते जिल्ह्याचं ठिकाण होतं, मराठवाडा मुक्त झाल्यावरही राहिलं. कचेऱ्या, कोर्ट, दवाखाना, शाळा इथे असल्याने जिल्हाभरातून माणसं येत राहिली. मोठे कारखाने शहरात आले नाहीत. शहर वाढलं ते पगारदारांच्या घरांनी आणि शिकायला ठेवलेल्या मुलांच्या खोल्यांनी. १९८९च्या जुलैत बिंदुसरेला पूर आला. नदीकाठी घरं गेली, माणसं गेली. त्यानंतर उंचावरची जागा मागणारे लोक वाढले आणि भोवतालच्या शेतांतून गुंठ्या-गुंठ्यांचे प्लॉट पडू लागले. शिक्षक, कंडक्टर, तलाठी आणि ऊसतोडीचे मुकादम हे पहिले गिऱ्हाईक. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती दीड लाखाला थोडी कमी भरली. त्यानंतर जनगणना झाली नाही, शहर मात्र वाढत राहिलं. आता रेल्वेही आली.

या वाढीचा एक हिशेब रामहरींच्या घरात लोखंडी पेटीत आहे: शाळेच्या एकतीस वह्या. पहिली नोंद १९९० सालची. प्रत्येक पानावर तारीख, वसाहत, प्लॉट नंबर, चार बाजू, दोन कर्ण आणि जवळच्या कायमच्या खुणेपासूनचं अंतर. खुंटी कुणी उपटली तर ती परत त्याच जागी ठोकता यावी, म्हणून हे शेवटचं माप. पैशाचा आकडा एकाही पानावर नाही.

गेल्या वर्षी जे घडलं ते यातल्या एका वहीमुळे, आणि तिच्यातल्या एका नोंदीबद्दल चौदा वर्षं गप्प राहिल्यामुळे.

रामहरी राहतात ती नवजीवन कॉलनी त्यांनीच १९९६ साली आखली. चौसष्ट प्लॉट. शेतमालकाने पूर्वेकडे हात करून सांगितलं होतं, "आपली हद्द देवापस्तोर." देव म्हणजे शेताच्या आग्नेय कोपऱ्यातला म्हसोबा. गुडघाभर उंचीचा शेंदूर फासलेला दगड. रामहरींनी देवापासून मापं घेतली आणि पूर्वेच्या शेवटच्या ओळीत अकरा प्लॉट बसवले. त्यातला सातवा पुढे त्यांनीच घेतला. आठव्यात अंगद आले. ते एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत आणि कॉलनीचे अध्यक्ष आहेत. टोकाच्या पत्र्याच्या घरात बायनाबाई. त्या जन्मभर याच शेतात मजुरी करत आल्या होत्या. शेत मोडल्यावर मालकाने त्यांना तेवढी जागा दिली.

२०११ साली कॉलनीत सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. म्हसोबा नेमका रस्त्याच्या वळणात येत होता. देव आहे तिथे ठेवला तर रस्ता त्याच्या अलीकडेच थांबणार, असं ठेकेदाराने सांगितलं. देव हलवायचा म्हटलं तर कॉलनीतली निम्मी घरं बिथरली असती. तेव्हाचे अध्यक्ष राधाकिशन यांनी मार्ग काढला. देऊळ बांधायचं म्हणून भोवती पत्रे उभे केले. एका पहाटे त्यांनी आणि रामहरींनी नारळ फोडून दगड पहारीने उचकटला आणि पश्चिमेकडे, रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या तुकड्यात बसवला. त्याच आठवड्यात रस्त्यासाठी खोदकाम झालं, जुनं लिंबाचं झाड पडलं, ओळखीची एकही खूण राहिली नाही. पत्रे निघाले तेव्हा देव नव्या फरशीवर होता. देव होता तिथंच बसवलाय, असं राधाकिशन यांनी सगळ्यांना सांगितलं. रामहरी काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी वहीत फक्त एक ओळ लिहिली.

एका बायनाबाईंनी ओळखलं. "देव सरकला," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. लोक हसले. दोन महिन्यांनी अंगद यांच्या धाकट्या मुलाची मोटारसायकल घसरली आणि पाय मोडला. बायनाबाई दारात येऊन म्हणाल्या, "म्या सांगितलंतं, देव आपल्या पायानं सरकलाय, त्याच्या मनात कायतरी हाय." अंगद यांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. तरी दर अमावस्येला देवळात दिवे वाढत गेले. रामहरींच्या पत्नी कौशल्याबाई एकही अमावस्या चुकवत नाहीत. राधाकिशन २०१७ साली वारले. दगड हलवल्याचं माहीत असलेला एकच माणूस उरला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पूर्वेकडची शेती विकली गेली आणि नव्या मालकाने हद्दीची मोजणी मागितली. मोजणीला आलेल्या भूकरमापक तेजश्री यांची नोकरी अजून तीन वर्षांचीही नव्हती. त्यांच्याकडे उपग्रहावरून जागा टिपणारं रोव्हर यंत्र होतं आणि निजामाच्या काळातल्या नकाशाची प्रत होती. अडचण अशी की जुन्या नकाशाला जमिनीवर बसवायला जुन्या खुणा लागतात. कॉलनीच्या सर्वे नंबरला चार कोपऱ्यांचे चार दगड होते. एक हायवेच्या भरावाखाली गेला होता. दुसऱ्याच्या जागी मुरमाची खदान झाली होती. तिसऱ्यावर मंगल कार्यालय उभं होतं. वाढत्या शहराने खाल्लेल्या या तिघांनंतर एकच राहिला होता, आग्नेयेचा.

"इथे दगड दाखवलाय," तेजश्री म्हणाल्या. "कुणी पाहिलाय का?"

कुणीच पाहिला नव्हता. तेजश्री देवळाकडे गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या देवाचा शेंदूर थोडा काढता येईल का? माथ्यावरचा फक्त."

जमलेल्या लोकांत कुजबुज झाली. बायनाबाई पुढे आल्या. "नारळ आना. मंग काढा. शेंदराची खोळ टाकायचं त्याच्या मनात असंल तर टाकंल."

नारळ फुटला. बोटभर जाडीचा शेंदूर खापरीसारखा निघाला. खाली काळ्या दगडाच्या माथ्यावर छिन्नीने कोरलेली फुली होती. म्हसोबा हा मोजणीचा दगड होता. वसाहत व्हायच्या कितीतरी आधी कुणीतरी त्याला शेंदूर लावला असणार. हद्दीवर देव असला की हद्द कुणी सरकवत नाही.

तेजश्रींनी फुलीवर रोव्हरची काठी टेकवली आणि तिथून उत्तरेकडे रेघ काढली. रेघ शेवटच्या ओळीतल्या अकराही घरांच्या मागच्या भागातून गेली. स्वयंपाकघरं, मोऱ्या, संडास, सगळं पलीकडच्या मालकाच्या जागेत. खुणा कुणी करायच्या म्हणून माणूस शोधायला लागले, तेव्हा अंगद सहज म्हणाले, "रामहरी हाय की. त्याच्यासारखी दोरी बीडात कोन धरतंय?"

रामहरींनी दोरी धरली. अकरा घरांच्या भिंतींवर लाल रंगाची रेघ त्यांनीच ओढली. सातव्या घरात ती कौशल्याबाईंच्या गॅसच्या ओट्यावरून गेली. रेघेपासून मागच्या भिंतीबाहेरच्या आपल्या जुन्या हद्दखुंटीपर्यंतचं अंतर त्यांनी सवयीने टेपवर पाहिलं. नऊ फूट दोन इंच. पुढच्या घरात तेच, त्याच्या पुढच्यात तेच. हा आकडा त्यांनी कुठे लिहिलाय हे त्यांना वही न उघडता माहीत होतं.

तेजश्रींनाही काहीतरी खटकलं होतं. पश्चिमेच्या जुन्या विहिरीच्या काठापासून दगडापर्यंतचं अंतर नकाशापेक्षा नऊ फुटांनी कमी भरत होतं. "पण दगड समोर असताना आम्ही कागदाआधी दगड धरतो," त्यांनी लोकांना सांगितलं. "आठ दिवसांत कुणाकडे काही पुरावा असेल तर आणा. नाहीतर हीच हद्द कायम होईल."

कॉलनीने घरं नियमित करून घ्यायला अर्ज केला होता. हद्द अशी कायम झाली असती, तर अकरा घरांचे कागद होणार नव्हते आणि मागच्या भिंती पाडाव्या लागणार होत्या. अंगद रोज संध्याकाळी वकिलाकडे जात होते. रामहरी चार दिवस आखणीला गेले, आले, जेवले. लाल रेघेवर कौशल्याबाई भाकरी थापत राहिल्या.

पाचव्या दिवशी सकाळी ते वही घेऊन स्वयंपाकघरात आले.

"अगं, ऐकती का. देव म्या हलवला."

कौशल्याबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "कोन्ता देव?"

"म्हसोबा. अकरा साली. म्या अन् राधाकिशन भाऊनं."

त्या तव्याकडे पाठ करून वळल्या. मग म्हणाल्या, "नारळ कुणी फोडला?"

"भाऊनं."

"त्याला कधी नारळ फोडता आला! मला उठवायचं न्हाई? चौदा वर्षं मी भलत्याच जागी दिवा लावतीय, अन् तुमी बघत बसता?" भाकरी करपल्याचं त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी ती तशीच रामहरींच्या ताटात वाढली. "खा. अन् जावा, अंगद भावजींला सांगा. आज, आत्ता."

अंगद ओट्यावर पेपर वाचत होते. रामहरींनी उभ्या उभ्याच सांगितलं. अंगद यांनी पेपरची घडी केली.

"चार दिस झालं मी वकिलाच्या दारात बसतोय. अन् तू दोरी धरून गप बसला व्हय?"

"भ्यालो."

"कुणाला? देवाला का मला?"

"तुमाला. पोराच्या पायाचं बोलतेत लोक."

अंगद यांनी घरात पाहिलं. त्यांचा धाकटा मुलगा, आता बत्तीस वर्षांचा, किंचित लंगडत कामावर निघाला होता. तो गेटबाहेर पडेपर्यंत ते थांबले. "पाय वाळूवर मोडला, गाडीचा ब्रेक लागला न्हाई म्हणून मोडला. ते मला ठावं हाय. पण रामहरी, तू चौदा वर्षं माझ्या ओट्यावर चहा पितोस." मग चप्पल घालत म्हणाले, "चल. मॅडमला फोन लाव."

दुपारपर्यंत कॉलनी देवळासमोर जमली. रामहरींनी सगळ्यांसमोर तेच दोन वाक्यांत सांगितलं. एक-दोघे चढ्या आवाजात बोलले. एकाने सांगून टाकलं की यापुढे त्यांच्या दोरीवर भरवसा नाही. सगळ्यांत जास्त नाराज झाल्या त्या बायनाबाई.

"तू हलवला?"

"व्हय, मावशी."

"पहारीनं?"

"व्हय."

"मला वाटलं देव आपल्या मनानं आला. चौदा वर्षं म्या सांगत फिरले, येडी ठरले, अन् शेवटी तूच का मुडद्या?" त्यांनी पदर झटकला. "मी बराबर होते म्हणायचं का चुकीची, ते तरी सांगा कुणी."

यावर लोक हसले आणि आवाज थोडे उतरले.

तेजश्रींनी वही पाहिली. २०११च्या पानावर तारखेखाली रामहरींच्या अक्षरात लिहिलं होतं: देव ९ फूट २ इंच पश्चिमेस. जुनी जागा अंगद यांच्या जोत्याच्या कोपऱ्यापासून ४१ फूट ६ इंच, विजेच्या खांबापासून १७ फूट १ इंच.

"हे तुम्ही कशासाठी लिहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"कावून म्हंजे? हलवलेली खुंटी लिहून ठेवायची असती."

"वही पुरावा म्हणून चालणार नाही, काका. तुमचं घर त्यात आहे. पण कुठे खोदायचं ते हिच्यावरून कळेल." जुन्या मोजणीत दगड पुरण्याआधी खड्ड्यात कोळसा आणि खापऱ्या टाकायचे, दगड कुणी उपटला तरी खालची खूण राहावी म्हणून. प्रशिक्षणात त्यांना हे शिकवलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. "दगड काढला तेव्हा खाली काही दिसलं होतं?"

रामहरींनी आठवून पाहिलं. "अंधार होता. हात काळे झालते. मला वाटलं, दिव्याची काजळी."

सिमेंटचा रस्ता फोडायला नगरपालिकेची परवानगी लागली. ती मिळायला दोन दिवस गेले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी नऊ वाजता रामहरींनी दोन टेप ताणले, एक जोत्यापासून, एक खांबापासून, आणि जिथे ते एकमेकांना भेटले तिथे फक्कीने दोन फुटांचा चौकोन आखला. पूर्वेकडचे नवे मालकही हजर होते. त्यांनी वकील आणला होता. ब्रेकरने सिमेंट फुटलं, खाली खडी निघाली, मग मुरूम. दीड फुटावर काहीच नव्हतं. वकील मोबाइल बघायला लागले. अंगद यांनी रामहरींकडे पाहिलं, रामहरींनी टेपकडे.

"चौकोन जरा पूर्वेला वाढवा," तेजश्री म्हणाल्या.

"नको," रामहरी म्हणाले. "माप बराबर हाय. खाली जाऊ द्या."

एक फूट अकरा इंचांवर कुदळीला काळं लागलं. तेजश्री खड्ड्याशी बसल्या आणि हाताने माती बाजूला केली. मूठ-मूठ कोळसा, विटकरी रंगाच्या खापऱ्यांचे तुकडे आणि त्यांच्या मधोमध दगडाच्या बुडाने दाबून राहिलेली चौकोनी खळी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायनाबाईंनी लांबूनच हात जोडले.

खळीच्या मध्यावर रोव्हरची काठी टेकवली तेव्हा विहिरीपासूनचं अंतर नकाशाशी चार इंचांच्या फरकाने जुळलं. नवी रेघ अकराही घरांच्या मागच्या भिंतींबाहेरून गेली. सातव्या घराच्या भिंतीपासून ती सात इंच लांब होती. पंचनाम्यावर पाच सह्या झाल्या. दगड २०११ साली आपण हलवला, असा रामहरींचा जबाब त्याला जोडला आहे. नव्या मालकांनी वरच्या कचेरीत अर्ज करायचं ठरवलं होतं, तो अजून केलेला नाही. मोजणीचा नकाशा महिन्याभरात आला. घरं नियमित करण्याच्या अर्जांवर काम सुरू आहे.

देव कुठे ठेवायचा यावर कॉलनीची बैठक झाली आणि दोन तास चालली. रस्त्याच्या मधे तो परत बसवता येत नव्हता. देवळातच राहू द्यावा, असं ठरलं. जुन्या जागी खड्डा बुजवून सिमेंटमध्ये पितळी खूण बसवली आहे, तळहाताएवढी, वर फुली कोरलेली. ती बसवायला रामहरींनाच बोलावलं. अंगद शेजारी उभे राहिले आणि माप त्यांनी स्वतः दोनदा तपासलं. त्यानंतर रामहरी त्यांच्या ओट्यावर चहाला गेले ते तीन आठवड्यांनी, बोलावल्यावर.

आखणीची कामं त्या महिन्यात कमी आली, पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यासारखी झाली. फरक एवढाच की रामहरी आता कोपऱ्याचा दगड कुणी दाखवला म्हणून धरत नाहीत. आधी बुडाशी खोदतात. बहुतेक ठिकाणी काही निघत नाही. दगड कुणीतरी अलीकडे आणून ठेवलेला असतो. मग ते नकाशा मागतात, आणि तो येईपर्यंत दोरी रिळातच राहते.

आजच्या प्लॉटवर सात वाजून पाच मिनिटांनी कुदळीला कोळसा लागला. शिक्षकांनी वाकून पाहिलं. "हे काय, इथं चूल होती का?"

"न्हाई सर. तुमचा दगड खरा हाय. धरा दोरी."

साडेसातच्या शाळेला शिक्षक उशिरा पोचले. वह्यांत आता बत्तिसावी सुरू झाली आहे. पहिल्या पानावर या प्लॉटचे दोन कर्ण आहेत, दोन्ही पन्नास फूट, आणि खाली एक शब्द, कोळसा.

उद्या अमावस्या आहे. कौशल्याबाई सकाळी सहाला दोन दिवे घेऊन निघतील. एक देवळात ठेवतील, दुसरा रस्त्यातल्या पितळी खुणेवर. दुसरा दिवा साडेसहाच्या आत उचलावा लागतो, कारण त्या वळणावरून साडेसहाला शाळेची बस जाते.